सुक्याला बर्फ नको

मंजुळा डावखुरी आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे ते लागणार आहे. मला लिहायची सवय नाही. ऐन जागी विसरलो तर सगळंच फसेल.

चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत दुसऱ्या मजल्यावर आमची प्रयोगशाळा. प्रयोगशाळा म्हटलं की लोकांना काहीतरी मोठं वाटतं. आमची म्हणजे पाच खोल्या, एका बाजूला छापखाना आणि दुसऱ्या बाजूला प्लास्टिकची बटणं करणारा. तिथे मी अकरा वर्षं स्टोअर सांभाळलं. काय आलं, काय गेलं, काय संपत आलंय, एवढंच माझं काम. आतल्या विज्ञानाशी माझा संबंध नव्हता आणि मला तो जोडायचाही नव्हता.

आमच्याकडे पेप्टाइड बनायची. म्हणजे प्रथिनांचे लहान तुकडे, माळेत मणी ओवावेत तसे एकेक जोडलेले. औषध नव्हे. संशोधन करणाऱ्यांना प्रयोगासाठी लागतात. कोणाला नऊ मण्यांची माळ हवी असते, कोणाला बावीस मण्यांची. माळ तयार होते तेव्हा ती पाण्यात असते, आणि पाण्यात ती टिकत नाही. म्हणून ती वाळवायची, पण उन्हात किंवा आचेवर नाही. छोट्या छोट्या काचेच्या बाटल्यांत भरून आधी दगडासारखी गोठवायची, मग ड्रायरमध्ये, ज्याला कागदावर लायोफिलायझर म्हणतात, ठेवून आतली हवा खेचून घ्यायची. बर्फाचं पाणी न होता थेट वाफ होते आणि निघून जाते. दोन-तीन दिवसांनी तळाशी उरतो पिंजलेल्या कापसासारखा पांढरा पुंजका. बाटलीला रबरी बूच लावायचं, बुचाभोवती मेणाची पारदर्शक पट्टी गुंडाळायची आणि उणे वीसच्या फ्रीजरमध्ये ठेवायचं.

राजेश सरांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, हे मला पहिल्याच आठवड्यात समजावलं होतं. मी मान डोलावली होती आणि मला काही कळलं नव्हतं. कळलं ते नंतर, मंजुळाकडून.

ती मढची. नवरा हरेश्वर दुसऱ्याच्या बोटीवर तांडेल, म्हणजे बोट हाकणारा. घरच्या अंगणात बोंबील टांगायची बांबूची वलांडी, आणि तशाच वलांडीखाली ती लहानाची मोठी झाली, कारण माहेरही त्याच गल्लीत. गावातलं कोणीतरी इथे छापखान्यात होतं, त्याच्या ओळखीने ती आमच्याकडे बाटल्या धुवायला आली. शिक्षण सहावीपर्यंत.

वाळवणाच्या खोलीत ती कशी गेली ते राजेश सर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. एकदा ते ड्रायर बंद करायला निघाले होते. काटा बरोबर होता, वेळ भरली होती, पुंजका छान पांढरा दिसत होता. मंजुळा फरशी पुसत होती. तिने उठून ड्रायरला बाहेरून लावलेल्या, बाटल्या ठेवलेल्या काचेच्या भांड्याच्या तळाला पालथा हात लावला आणि म्हणाली, "सर, आत ओल हाय अजून."

"तुला कसं कळलं?"

"गार लागतंय. ओलं हाय तवर गार लागतं. बोंबील बी असाच. वरून कडक दिसतो, पोटाला हात लावला की कळतं."

सरांनी तपासलं. मध्यभागी थोडा बर्फ राहिला होता. बर्फ उडून जाताना गारवा धरून ठेवतो, हे सरांना पुस्तकातून माहीत होतं, पण हात लावून बघायचं त्यांच्या मनात आलं नव्हतं. पुढे दोन महिने त्यांनी तिला शेजारी उभं करून सगळं शिकवलं आणि ती खोली तिच्या ताब्यात दिली.

तिचे नियम कडक होते. बाटल्या भरताना खोलीत कोणी शिंकायचं नाही, पंखा लावायचा नाही, कारण तो पुंजका उडतो. पट्टी ती डाव्या हाताने ओढून गुंडाळायची, दोन वेढे, मग अंगठ्याने दाबायची. डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवायची. आतले निळे दाणे गुलाबी दिसले की पुडी बदलायची. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे फ्रीजरमधून काढलेली बाटली अर्धा तास उघडायची नाही.

"का गं?" मी एकदा विचारलं होतं.

"सुनेने माझ्या सुक्या बोंबलाचा डबा फ्रिजमधे ठेवला. पावसाळ्यात काढला आणि काढल्या काढल्या उघडला. आत घाम सुटला, भाऊ. चार दिवसांत बुरशी. थंडी उतरू द्यावी, मग झाकण काढावं. एवढं साधं हाय."

मला ती भाऊ म्हणायची. दुपारी आम्ही मागच्या गॅलरीत जेवायचो, कारण तिच्या जवळ्याच्या चटणीला आत बंदी होती. माझं गाव मालवणकडचं, त्यावरून ती मला टोचायची. "तुम्ही मालवणी मानसं. नारळात बुडवून बुडवून म्हावऱ्याचा जीव घेता." मला उत्तर सुचतं ते रात्री घरी गेल्यावर.

दोन वर्षांपूर्वी हेमांगी मॅडम आल्या. मुलुंडच्या, तिशीच्या आतल्या, एम.एस्सी. झालेल्या, दर्जा तपासण्याच्या प्रमुख. बाई वाईट नव्हती. पण आमच्याकडून माल घेणाऱ्या एका संस्थेचे लोक सप्टेंबरमध्ये तपासणीला येणार होते, आणि मॅडमना कागद हवे होते. कोणतं काम कोण करतं, त्याला ते कोणी शिकवलं, त्याचा पुरावा काय. वाळवणाच्या खोलीपुढे त्यांना लिहायला काहीच मिळेना.

"मावशी, तुमचं काम चांगलं आहे," त्या एक दिवस माझ्यासमोरच म्हणाल्या. "पण सहावी पास बाई लायोफिलायझर चालवते, असं मी कागदावर कसं लिहू? एक तारखेपासून पदवीवाला माणूस येईल. तुम्ही पुन्हा बाटल्या धुण्याकडे जा. पगार तोच राहील."

त्या दुपारी मंजुळाने डबा उघडलाच नाही. म्हणाली, "बाटल्या धुवायला मना लाज नाय, भाऊ. पण ती खोली माझी हाय."

पण हे अजून पक्कं नव्हतं. सरांनी त्यांना सांगितलं होतं की महिनाअखेरपर्यंत बघा, काही चूक सापडली तर तुमचं खरं. मंजुळालाही ते माहीत होतं. तो महिना ती बाटल्यांना नेहमीपेक्षा जास्त जपून हात लावत होती.

ऑगस्टमधला तिसरा शनिवार. जावेच्या मुलीचं डोहाळजेवण होतं म्हणून मंजुळा सुट्टीवर होती. सर हैदराबादला गेले होते. सकाळी दहाला मी आलो तर फ्रीजरचा दिवा बंद. आकडा बघितला, अधिक अकरा. रात्री कधीतरी त्याने मान टाकली होती. दुरुस्तीवाला म्हणाला, सोमवारी. दुसरा फ्रीजर आमच्याकडे नव्हता.

आत जुन्या टाकाऊ बाटल्या सोडल्या तर एकाच मुलीचा माल होता. श्रुतिका नावाची घाटकोपरची संशोधक विद्यार्थिनी. चोवीस बाटल्या. तिच्या प्रबंधाचा शेवटचा प्रयोग होता, चार महिने तिने या मालाची वाट पाहिली होती, आणि संध्याकाळी चारला ती तो न्यायला येणार होती.

हेमांगी मॅडम फोनवर फोन करत होत्या. कोरडा बर्फ, म्हणजे ड्राय आइस, देणाऱ्याकडे कोणी उचलेना. माझं डोकं भांबावलं. मला एकच समजत होतं, हे थंड राहायला हवं आणि ते गरम होतंय. मी खाली उतरलो, रिक्षा केली, मासळी बाजारातून थर्माकोलची पेटी भरून बर्फाचा चुरा आणला आणि चोवीसच्या चोवीस बाटल्या त्यात पुरल्या. मॅडम म्हणाल्या, "काका, वाचवलंत." मला बरं वाटलं. असं मला कोणी फारसं म्हणत नाही.

त्या बरं वाटण्यानेच घात केला. मॅडम बाहेर फोनवर होत्या. मला वाटलं, एक बाटली बघावी, आत सगळं ठीक आहे ना. सात नंबरची उचलली. बाहेरून काच धुरकट झाली होती, आतलं दिसेना. मी पट्टी सोडली, बूच काढलं, आत डोकावलो. पुंजका होता तसा होता, पांढराशुभ्र. बूच लावलं, स्टोअरमधली नवी पट्टी आणून गुंडाळली आणि बाटली परत बर्फात खुपसली. सगळं मिळून दोन मिनिटं.

मग मी मंजुळाला फोन केला. तिने यावं म्हणून नाही. आपण किती चांगलं काम केलं ते सांगायला.

"बर्फात?" ती म्हणाली. मागे बायका गात होत्या. "भाऊ, ताज्याला बर्फ लावतात. ते सुकं हाय."

"पण फ्रीजर..."

"सुक्याला दोन दिवस गरम झालं तर काय होत नाय. सुक्याला ओल मारते. कोणाला काय उघडायला देऊ नका. मी येते."

मढवरून चारकोपला यायला दोन बस. दीडला ती आली. हिरवं लुगडं, केसांत अबोलीची वेणी, हातात कोणीतरी दिलेली जेवणाची पिशवी. ती कोपऱ्यात ठेवून, हात धुऊन ती पेटीजवळ गेली. बाटल्या एकेक करून बर्फातून काढल्या, कोरड्या फडक्याने पुसल्या आणि नंबरवार ट्रेमध्ये मांडल्या. नंबराच्या काही चिठ्ठ्या भिजून सुटत आल्या होत्या, त्या तिने अंगठ्याने परत बसवल्या.

"बुचाच्या आत पोकळी हाय," ती मला म्हणाली, ओरडून नाही, लहान मुलाला सांगावं तशी. "गार झालं की ती बाहेरचं ओढून घेते. बर्फाचं पाणी ओढलं असतं तर?"

हेमांगी मॅडम आत आल्या. त्यांचा चेहरा उतरलेला होता. "मावशी, मला आत्ता एक उघडून बघू दे. श्रुतिकाला काय सांगायचं ते ठरवायला हवं."

"अर्धा तास, मॅडम."

"मावशी, ही वेळ आहे का?"

"हीच वेळ हाय. बाहेर हवा बघा किती ओली हाय. आता उघडली तर बाटली नुसती उघडणार नाय, बिघडणार." तिने ट्रेवर डावा हात ठेवला. दाबून नाही, नुसता ठेवला.

मॅडमनी एक बाटली पुसून उजेडात धरली. मग दुसरी. सातवी धरली आणि थांबल्या. तळाशी पुंजका नव्हता. काचेला चिकटलेला, मधासारखा एक ठिपका होता.

"ही बघा," त्या हळूच म्हणाल्या. "ही मुळात नीट वाळलीच नव्हती. वाळवण कच्चं राहिलंय, मावशी. मी म्हणत होते ते हेच."

मंजुळाने बाटली घेतली. ठिपक्याकडे तिने बघितलंही नाही. बुचाभोवतीच्या पट्टीकडे बघितलं, बाटली बोटांत हळूहळू फिरवली. पट्टीचं टोक उजवीकडे संपत होतं. तिच्या हाताने गुंडाळलेल्या तेवीस पट्ट्यांची टोकं डावीकडे होती.

तिने मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. एकदाच. मग बाटली ट्रेमध्ये सातव्या जागेवर ठेवली.

"मी रिपोर्ट लिहिते," मॅडम म्हणाल्या. "अर्ध्या तासाने बाकीच्या बघू." त्या बाजूच्या टेबलाशी कॉम्प्युटरसमोर बसल्या.

ती खोली लहान आहे. दोन स्टुलं. एकावर मंजुळा, एकावर मी, मध्ये ट्रे. भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजायला दहा मिनिटं होती. मॅडमच्या टाइप करण्याचा आवाज येत होता.

मला वाटलं, ती आता सांगेल. तिने सांगायलाच हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं आणि खोली तिची राहिली असती. पण ती बाटल्यांवरचं दव बघत बसली होती. एक एक थेंब बारीक होत होता. मध्येच म्हणाली, "जेवलात का?"

"नाही."

"पिशवीत पुरणपोळी हाय. मग खा."

मी घड्याळ बघितलं. दोन. दोन वाजून सात. माझ्या निवृत्तीला सात महिने राहिले होते. आयुष्यात मी कधी मोठी चूक केली नव्हती, कारण कधी मोठं काही केलंच नव्हतं. ही माझी एकमेव चूक, आणि ती दुसऱ्याच्या नावावर चालली होती. मी तोंड उघडत होतो आणि मिटत होतो. मंजुळाला ते दिसत असावं, कारण ती मुद्दाम दुसरीकडे बघत होती. मला सोपं जावं म्हणून.

सव्वादोनला मी उभा राहिलो. "मॅडम, सात नंबर मी उघडली होती."

टाइप करणं थांबलं.

"बर्फातून काढून. बघायला. पट्टी माझी आहे. तिची उलट्या बाजूने असते."

मॅडम उठून आल्या. सातवी बघितली, मग आठवी, मग नववी. मग मंजुळाला म्हणाल्या, "तुम्हाला कळलं होतं."

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

"ते बोलतीलच, असं वाटलं," मंजुळा म्हणाली. "अर्धा तास होता ना."

दोन वाजून वीस मिनिटांनी काचा कोरड्या झाल्या. मंजुळाने बारा नंबरची बाटली पालथ्या हाताला लावून बघितली आणि मॅडमकडे दिली. "आता उघडा."

आत पुंजका होता. मॅडमनी बाटली क्षणभरही जास्त उघडी ठेवली नाही. चिमूटभर तपासायला काढून घेतलं आणि लगेच बूच लावलं. आतल्या ओलाव्याची चाचणी त्यांनी तिथल्या तिथे केली. आकडा मला आठवत नाही. मॅडमनी तो मंजुळाला दाखवला, आणि मंजुळा म्हणाली, "मना त्यातलं कळत नाय. बरा हाय ना?"

"बरा आहे, मावशी."

चारला श्रुतिका आली. मी तिला स्वतः सांगितलं की एक बाटली माझ्यामुळे गेली. ती रडवेली होईल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "काका, मला वीस लागतात. मी चार जास्त मागितल्या होत्या, असं काहीतरी होतंच म्हणून." मंजुळाने बाटल्या सिलिका जेलच्या पुड्यांसकट डब्यात घालून दिल्या आणि तिला बजावलं, "तुझ्या कालेजात फ्रीजरला ठेव. काढशील तवा लगेच उघडू नको. चहा पिऊन ये." ती बारा नंबरचीही घेऊन गेली.

रिपोर्ट मॅडमनी पुसून टाकला. पण तपासणीचा प्रश्न उरला होताच. पुढच्या बुधवारी त्या एक वही घेऊन वाळवणाच्या खोलीत आल्या.

"मी नियम परत वाचले," त्या म्हणाल्या. "काम करणाऱ्याला ते कोणीतरी शिकवलेलं असावं आणि त्याची नोंद असावी, एवढंच लिहिलंय. मावशींना सरांनी शिकवलं, त्याची सही सरांनी काल केली. पण मावशी सुट्टीवर असतील तेव्हा काय? त्या दिवशी इथे दोन माणसं होती आणि दोघांनाही काही येत नव्हतं." त्यांनी वही उघडली. शिकवणाऱ्याच्या रकान्यात त्यांनी आधीच लिहून ठेवलं होतं, मंजुळा हरेश्वर कोळी. शिकणाऱ्यांत पहिलं नाव त्यांचं, दुसरं माझं.

मंजुळाने वहीकडे बघितलं, मग आमच्याकडे. "खरंच शिकवू?"

"नाहीतर मी खोटी नोंद कशी करू?"

तिने आम्हाला शिकवलं. दीड तास. पट्टी ओढायला शिकवलं, पालथा हात लावायला शिकवलं. मधेच गंभीर चेहऱ्याने विचारलं, "सुक्याला बर्फ लावावा का? भाऊ, तुम्ही सांगा." मॅडम हसल्या आणि मी पण. शेवटी तिने जुन्या मालातल्या टाकून द्यायच्या दोन बाटल्या फ्रीजरमधून काढून आमच्यासमोर ठेवल्या.

"आता बसा."

मॅडमनी मोबाइल काढला.

"तो ठेवा, मॅडम. थंडी उतरतेय ती बघा."

आम्ही बसलो. बाटल्यांवर दव आलं, जमलं, मग कडेने विरत गेलं. छापखान्याचा खडखडाट भिंतीतून येत होता. मला त्या अर्ध्या तासात काहीच जड वाटलं नाही.

मग सह्या झाल्या. मॅडमची झाली, माझी झाली. मंजुळाने पेन डाव्या हातात घेतलं आणि एकेक अक्षर काढत पूर्ण नाव लिहिलं. तिचा हात लिहिलेल्यावरूनच पुढे सरकतो, त्यामुळे 'मंजुळा'तला 'ळा' थोडा फासला गेला. तिने हात उचलून बघितलं. मॅडम वही मिटायला गेल्या तसं तिने त्यांचं मनगट धरलं.

"वाळू द्या," ती म्हणाली.

आणि शाई वाळेपर्यंत आम्ही तिघं वही उघडी ठेवून बसलो.